एक दिवसाआडचा ताप

"हात नको लावू गं, अजून ओली हाय!"

गौराबाईच्या घरी गेलेल्या कुठल्याही बाईला दारातच हे ऐकावं लागायचं. भिंत ओली असायची, नाहीतर जमीन. कशेळ्यापासून दोन कोस आत, डोंगराच्या पायथ्याला चाळीस घरांची वस्ती. तिथं लग्न निघो की बारसं, मांडवाच्या आधी गौराबाईला बोलावणं जायचं. डोंगराच्या कुशीतली लाल माती ती स्वतः खणून आणायची, चाळणीतून काढायची, शेणात कालवायची. गोळा मुठीत दाबून बघायची. बोटांच्या फटीतून आला तर पातळ, तडकला तर घट्ट. मग पदर खोचून उकिडवी बसायची आणि मनगट फिरवत मागं मागं सरकायची. सारवून झालं की भिंतीवर बोटांच्या अर्धगोल रेघा, एकीला एक लागून. बायका म्हणायच्या, "गौराबाय, तुझ्या भितीकडं पाठ करून बसवत नाय गं!"

त्या भिंतीवर एक डाग तिला चालायचा नाही. आणि वर्षातून दोनदा सरकार तिच्या भिंतींवर डाग पाडून जायचं.

पावडर मारणारे यायचे. पाठीला पंप, तोंडाला फडकं. भांडी अंगणात, कोंबड्या टोपलीखाली, आणि घरभर फुस्स फुस्स. ते गेले की कुडाच्या भिंती पांढऱ्या पडायच्या आणि आठ दिवस घराला वास यायचा. शेजारणी महिनाभर कुरकुरायच्या. गौराबाई कुरकुरायची नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे शेणाची पाटी घेऊन बसायची.

यावरून बुधाजीशी तिची दर पंधरवड्याला जुंपायची. बुधाजी हिवताप खात्याचा माणूस. मूळचा साजगावचा, नोकरीसाठी कशेळ्यात खोली घेऊन राहिलेला. वय तिशीचं, पाय बगळ्यासारखे. खांद्याला खाकी पिशवी, त्यात काचपट्ट्यांची पेटी, सुया, कापूस आणि कडू गोळ्यांच्या बाटल्या. घरोघर जायचं, दारात उभं राहून विचारायचं, "कुणाला ताप? परगावाहून कोण आलं?" ताप असला तर बोट टोचायचं, रक्ताचा ठिपका काचेवर घ्यायचा, हातावर गोळ्या ठेवायच्या आणि निघताना दारामागच्या भिंतीवर खडूनं तारीख लिहायची.

"मावशी, माझी मागची तारीख कुठं गेली?"

"कुठली रं तारीख?"

"हितं लिवली होती. अकरा जून."

"सारवणात गेली आसंल."

"आन पावडर? गेल्याच आठवड्यात पंपवाले आले होते. भिंत पांढरी पायजे."

"होती ना पांढरी! कोड फुटल्यावानी. तशीच ठेवू? पाव्हणे आले तर काय सांगू, भितीला रोग झालाय?"

बुधाजीनं कपाळावर हात मारला. "अवं मावशी, डास भितीवर बसतो, पावडर त्याच्या पायाला लागते, तवा तो मरतो. तुमी पावडरीवर शेणाची गोधडी घातली. आता तो पाय पसरून बसंल. अडीच महिने भितीला हात लावायचा नाय, सांगितलं होतं का नव्हतं?"

"सांगितलंस. मी आयकलं पण. आता ताक पिऊन जा, उन्हाचा आलायस."

"साहेब तपासायला आले तर म्हणतील, बुधाजी घरी झोपून तारखा लिवतो."

"म्हणू दे. साहेबांना बी ताक देईन."

गौराबाईचा नवरा गोमा ओटीवर बसून दोर वळत असायचा. तो हसायचा, बोलायचा नाही. घरात बोलायचं काम गौराबाईकडं आणि पूर्वी जयाकडं होतं. जया त्यांची एकुलती एक लेक, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन घाटावर गेली, मंचरच्या बाजूला. पंच्याहत्तर सालच्या आषाढात, लावणी उरकल्यावर, गोमा तिला पहिल्या बाळंतपणाला घेऊन आला. सातवा संपत आलेला. पाऊल उंबऱ्याच्या आत पडायच्या आधी तिचं तोंड सुरू झालं.

"आये, वाटंत बाबा एक शब्द बोलले. कर्जतला. 'उतर.'"

"दोन बोलले असतील. तुला एक आयकू आला."

पुढच्या फेरीला बुधाजीनं दारातून तिला पाहिलं आणि त्याच्या हातातली पेन्सिल थांबली.

"कितवा, मावशी?"

"कितवा म्हंजी? पयला! लगीन तर परवा झालं."

"घाटावरनं आली ना? तिकडं हा ताप नायच म्हणा. अंगाला सवय नसती. आन पोटुशीला डास हुडकून चावतो. का ते मला इचारू नका, माझ्या काचांत मला दिसतंय. तिला जपा. नुसती कणकण आली तरी मला निरोप धाडा."

"आन तू काय देशील? तुझ्या त्या गोळ्या?"

"आणखी काय देणार?"

"नको रं बाबा. येसूबाईच्या सुनंचं काय झालं ते सगळ्या गावाला ठावं हाय."

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बुधाजी तेव्हा नव्हता, दुसराच माणूस यायचा. शेजारच्या येसूबाईच्या सुनेला पाचवा महिना होता. तापात होती, दुपारी गोळ्या घेतल्या आणि दिवेलागणीला पोट पडलं. तेव्हापासून गावातल्या बायका गोळ्या घ्यायच्या, पदराला बांधायच्या आणि बुधाजी वळणाआड गेला की शेणखईत टाकायच्या. त्यालाही ते ठाऊक होतं. म्हणून तो समोर उभा राहून गिळायला लावायचा, आणि तरीही बायका त्या गालात धरून ठेवायच्या.

श्रावणाच्या तोंडाला पंपवाले दुसऱ्यांदा येऊन गेले. त्याच आठवड्यात गौराबाईनं उगवतीकडची खोली बाळंतपणासाठी काढली. तिच्या आईच्या घरचा नेम होता, बाळंतिणीच्या खोलीला पाच हात द्यायचे. एक वाळला की दुसरा. लेकीचं पहिलं बाळंतपण, तेव्हा तिनं हात जरा जाडच दिले. पाचवा हात झाला तेव्हा भिंत आरशासारखी गुळगुळीत होती आणि पावडर पाच थरांखाली गाडली गेली होती. वारं लागू नये म्हणून तिनं खिडकीला गोणपाट ठोकलं. खोली गार, काळोखी, ओलसर. खिडकीमागं लागूनच भाताचं खाचर आणि डोंगरातून येणारा झरा.

"काय झाक झालीय गं खोली!" जया म्हणाली. मग वर बघून म्हणाली, "आये, पण भितीवर ते काय? तीळ टाकल्यावानी?"

"डास हायत. पावसाळा हाय. धूर करते लिंबाचा."

"तुज्या धुरानं डास नाय जायचं, मीच जाईन."

खरं तर ती सारखी जातच होती. दिवस भरत आले तसं तिला घडीघडीला परसात जावं लागायचं, संध्याकाळी, पहाटे, अंधार असताना. खाचराच्या कडेला बसून आली की पोटऱ्या खाजवत यायची.

एका सोमवारी दुपारी, शाळेची जेवणानंतरची घंटा झाली आणि जया ताट तसंच ठेवून उठली.

"आये, मला गार वाटतंय."

एक गोधडी घातली. दुसरी घातली. गोमाची घोंगडी घातली. तिच्या दातांचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येत होता. तास-दीड तासानं अंग तव्यासारखं तापलं आणि संध्याकाळी घामानं लुगडं भिजलं. मंगळवारी ती उठून तांदूळ निवडत बसली, जणू काही झालंच नव्हतं. बुधवारी, त्याच घंटेला, पुन्हा.

गावची सुईण धोंडूबाई येऊन पोट चाचपून गेली. सत्तरीची बाई, गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. म्हणाली, "पोटातल्या पोराची उष्णता गं. जेवण कमी कर तिचं. अर्धी भाकर आन पेज. पोर बारीक राह्यलं तर सुटका सोपी."

"ताप एक दिसाआड का येतो पण?"

"पोर एक दिवस हालतं, एक दिवस निजतं."

गौराबाईला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

गुरुवारी बुधाजी आला. मधला दिवस. जया ओटीवर बसून केस विंचरत होती.

"कुणाला ताप?"

गौराबाई दाराच्या चौकटीत आडवी उभी राहिली. "नाय."

"हिला?"

"हिला काय झालंय? बघ की, बसलीय तुझ्याम्होरं."

जयानं आईकडं बघितलं. फणी केसांतच राहिली. बुधाजीनंही बघितलं, एकदा जयाच्या ओठांकडं, एकदा तिच्या नखांकडं. परक्या बाईची पापणी ओढून बघायची त्याला सोय नव्हती.

"ताई, तुमी सांगा. ताप येतो का?"

"आये म्हणते ना, नाय."

 बुधाजीनं भिंतीवर तारीख लिहिली, आणि जाताना गौराबाईला म्हणाला, "चार दिवस मी वरच्या ठाकूरवाडीला हाय. काय वाटलं तर."

"काय नाय वाटत."

तो गेल्यावर जया म्हणाली, "आये, खोटं का बोललीस?"

"तुझ्यासाठी."

"मला उद्या परत गार वाटणार हाय."

"नाय वाटायचं."

शुक्रवारी घंटा झाली आणि वाटलं. रविवारीही वाटलं, आणि या खेपेला घाम येईपर्यंत अंधार पडला. जयाचं बोलणं आता कमी झालं होतं. ती गोमावर गेली. विचारलं तर "हं" म्हणायची. उठून बसली की डोळ्यांपुढं काळोख यायचा, भिंत धरायची, आणि त्या गुळगुळीत भिंतीवर तिचा हात घसरायचा. पेज समोर धरली तर वाटी हलायची.

सोमवारी सकाळी तिनं आईला जवळ बोलावलं.

"आये, काल संध्याकाळधरनं हाललं नाय."

"निजलं आसंल."

"आज उठायचा दिवस हाय ना त्याचा? धोंडूआजी म्हणते ना, एक दिवस हालतं?"

गौराबाईनं तिच्या पोटावर हात ठेवला. तिचे हात सगळं ओळखायचे. शेणातला एक खडा बोटाला कळायचा. आता ती श्वास धरून बसली, आणि हाताखाली काहीच कळेना. बाहेर गोमा उभा होता. त्यानं पहिल्यांदाच स्वतःहून तोंड उघडलं.

"बुधाजीला आणतो."

"तुमी ऱ्हावा हितं. मी खोटं बोललीय, मी जाते."

ठाकूरवाडी म्हणजे तासाची चढण. निसरड्या पायवाटेनं गौराबाई गेली ती जवळजवळ पळत. बुधाजी एका झोपडीपुढं उकिडवा बसून शुक्रा नावाच्या ठाकराचं बोट टोचत होता. शुक्रा पावडरीच्या दिवसांत पंप पाठीला बांधायचा, एरवी लाकूडफाटा.

"बुधाजी, जयाला ताप हाय."

त्यानं काच पेटीत ठेवली. "कवापासून?"

"त्या सोमवारपासून. एक दिसाआड. तू आलास तवा बी होता."

ती वाट बघत होती, तो ओरडेल म्हणून. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं फक्त विचारलं, "निजते कुठं?"

"उगवतीच्या खोलीत."

"सारवली?"

"...पाच हात."

शुक्राच्या तोंडून "आये!" असा आवाज निघाला. त्यानंच ती खोली फवारली होती. बुधाजी त्याला गप्प बसायची खूण करत उठला.

दुपारी तो घरी आला. जयाच्या बोटाला सुई टोचली, ठिपका काचेवर घेतला. रक्त पातळ होतं, पाण्यात कुंकू कालवल्यासारखं. त्यानं गोळ्यांची बाटली बाहेर काढली, आत ठेवली, पुन्हा काढली.

"दे की," गौराबाई म्हणाली.

"आठवा महिना. एवढं अशक्त. माझ्या जिवावर नाय देत, मावशी. माझ्या पिशवीत दोन तऱ्हेच्या गोळ्या हायत, त्यातली एक पोटुशीला अजिबात चालत नाय. कशेळ्याच्या दवाखान्यातनं नर्सबाईंना घेऊन येतो. उद्या घंटेच्या आधी. आन तिला त्या खोलीतनं बाहेर काढा. आत्ता."

जयाला पडवीत आणलं. शुक्रा पंप घेऊन आला आणि उगवतीची खोली पुन्हा मारली. गौराबाई अंगणात उभी राहून फुस्स फुस्स ऐकत होती. गुळगुळीत भिंतीवर पांढरे ओघळ उतरत होते.  शुक्रा निघताना म्हणाला, "मावशी, या खेपेला तरी..." आणि तिचं तोंड बघून पुढचं गिळून टाकलं.

मंगळवारी, शाळेची सकाळची प्रार्थना चालू असताना, नर्सबाई आल्या. विमलबाई. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात छत्री आणि काखेत गुंडाळलेली मच्छरदाणी, स्वतःच्या खाटेवरची काढून आणलेली. धोंडूबाई आधीच येऊन पडवीत बसली होती.

विमलबाईंनी जयाची खालची पापणी ओढली. आतून मुळ्यासारखी पांढरी.

"काय खाते ही?"

"पेज. अर्धी भाकर."

"दोन जिवांना अर्धी भाकर? कुणी सांगितलं?"

धोंडूबाईनं बसल्या जागी पदर सारखा केला. "म्या सांगितलं. पन्नास वर्सं मी बाळंतपणं करते."

"आजी, करता ते माहीत आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका तुमचंच नाव सांगतात. पण ताप हिचं रक्त खातोय, आणि उरलेलं आपण उपाशी ठेवून कमी करतोय. पोरानं घ्यायचं कुठून?"

लाकडाची कर्ण्यासारखी नळी त्यांनी पोटावर टेकवली, दुसऱ्या टोकाला कान लावला. पडवीत कुणी हललं नाही. विमलबाईंनी नळी सरकवली. पुन्हा सरकवली. गौराबाईनं खांब धरला.

"आहे," विमलबाई म्हणाल्या. "जलद आहे, बारीक आहे, पण आहे."

मग त्यांनी बुधाजीकडून बाटली घेतली आणि चार गोळ्या गौराबाईच्या हातावर ठेवल्या. "भाताबरोबर द्या. उद्या परत, परवा परत, मी सांगते तेवढ्या. आज मी इथंच थांबते."

गौराबाई गोळ्यांकडं बघत राहिली.

"बाई, येसूबाईच्या सुनंनं ह्याच घेतल्या होत्या. सांजच्याला..."

"किती दिवस तापात होती ती?"

"आठ... दहा आसतील."

"दहा दिवस ताप. मग पोट तापानं पाडलं असेल की शेवटच्या दिवशीच्या गोळीनं? पहिलटकरीण, घाटावरून आलेली, अंगात रक्त नाही. हा ताप असल्याच बाईला गाठतो. तो नेमका पोराच्या वारेत जाऊन बसतो. नाही दिली गोळी तर मला फक्त नळी लावून बसता येईल. आणि उद्या, परवा, त्या नळीतून काही ऐकू यायचं नाही."

गौराबाईची मूठ मिटली होती. उघडेना. तिला एका बाजूला येसूबाईची सून दिसत होती, चटईवर भिंतीकडं तोंड करून पडलेली, आणि दुसऱ्या बाजूला जया. देऊन काही झालं तर तिच्या हातानं. न देऊन झालं तरी तिच्याच हातानं.

"आये," जया म्हणाली, "दे हिकडं. तोंड माझं हाय."

तिनं स्वतः आईची बोटं सोडवली, एकेक. गोळ्या भाताच्या घासात घातल्या आणि तोंड वेडंवाकडं करत गिळल्या. "शी! कारलं गोड लागंल याच्यापुढं."

पाव तासाच्या आत तिला उलटी झाली.

सगळे उठले. सगळ्यांत आधी धोंडूबाई पोचली. जयाचं कपाळ तिनं आपल्या तळव्यात धरलं, पाठ चोळली, आणि मग खाली पडलेल्याकडं वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"गोळ्या तशाच पडल्या," ती म्हणाली. "ईरघळल्या बी नायत. पोटात काय गेलंच नाय तिच्या." आणि मान वर करून विमलबाईंना म्हणाली, "परत द्या."

परत दिल्या. या खेपेला दोन, मग जरा थांबून दोन, वर गुळाचा खडा. धोंडूबाईनं जयाचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिचं लक्ष दुसरीकडं लावायला गोमाच्या जन्माची हकीकत सांगायला लागली. "पायाळू आला तुझा बाप. बाहेर आला तो रडंना. म्या उलटा धरला, चापट मारली, तरी रडंना. म्हनलं मेला का काय! डोळं उघडं ठेवून माझ्याकडं बघतोय नुसता."

"तवापासून तसाच हाय," जया म्हणाली, आणि गोळ्या पोटात राहिल्या.

घंटा झाली. हुडहुडी आली. गौराबाईनं विमलबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, आज येणारच, औषधाला वेळ द्या. बुधवारी गोळ्या. रात्रंदिवस मच्छरदाणी. हिरवी भाजी, डाळ, भाकरी पुरी, आणि काळ्या शाईसारखी शौचाला होईल तेव्हा घाबरू नका म्हणून बजावून दिलेल्या लोहाच्या गोळ्या. जाताना विमलबाई गौराबाईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजू नका. पोर लहान असेल. लवकर येईल. इथं बाळंतपण नको. कळ आली की कशेळ्याला उचलायचं. कबूल?"

"कबूल."

गुरुवार उजाडला. पुन्हा तापाचा दिवस.

गोमा शेतावर गेला नाही. धोंडूबाई जेवून परत आली. येसूबाई काहीतरी मागायच्या निमित्तानं आली आणि बसली. काय मागायला आली होती ते तिनं सांगितलंच नाही. बुधाजीची त्या दिवशी फिरती दुसरीकडं होती, तरी तो अंगणाच्या कडेला छत्री टेकून उभा होता. मच्छरदाणीच्या आत जया पाय लांब करून बसली होती.

"सगळ्यांनी माझ्याकडं असं बघू नका गं. तमाशाला बसल्यावानी."



शाळेची घंटा झाली. टण, टण, टण. पोरांचा कल्ला झाला, मग शांत झालं.

"वाटतंय का गार?"

"नाय."

थोड्या वेळानं, "आता?"

"आये, तू इचारतेस म्हणून वाटायला लागंल."

वाऱ्याची झुळूक आली आणि जयाच्या दंडावर काटा उभा राहिला. गौराबाईनं ते जाळीतून बघितलं. घोंगडी उचलली. सगळे काट्याकडं बघत होते. काटा तसाच राहिला, मग हळूहळू बसला. गौराबाई घोंगडी छातीशी धरून उभीच राहिली. तासानं शाळेत पोरं पाढे म्हणायला लागली. जयानं दोन्ही हात पोटाखाली नेले आणि मान वाकवली.

"काय गं?"

"हाललं. लय हळू. कड बदलल्यावानी."

येसूबाई उठली, आणि कुणाला न सांगता घरी गेली. तिच्या सुनेला ते पोट पडल्यावर पुन्हा मूल झालेलं नव्हतं.

त्यापुढचे अकरा दिवस गौराबाईनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. ताप फिरून आला नाही. भिंतीही तशाच पांढऱ्या राहिल्या. गणपती तोंडावर आले तरी तिनं फक्त जमीन सारवली, आणि ज्या बायका म्हणाल्या, "गौराबाय, भिती?" त्यांना उत्तर दिलं, "भितीला नाय हात लावायचा. तुमी बी लावू नका." पण भीती तिला सोडत नव्हती. जया हसली तरी ती दचकायची. जया गप्प राहिली तर धावत यायची, पोटावर हात ठेवायची.

बाराव्या दिवशी पहाटे कळा आल्या. वीस-पंचवीस दिवस लवकर. घोंगडी बांबूला बांधून झोळी केली, पुढं गोमा आणि शुक्रा, मागं वस्तीतले दोघे, आलटून पालटून खांदा देत. ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं. धोंडूबाईनं बांबू एका हातानं धरून ओढा ओलांडला. तिला या म्हणून कुणी म्हटलं नव्हतं आणि राहा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

कशेळ्याच्या दवाखान्यात दुपारी मुलगा झाला. तराजूत घातला तर एक किलो आठशे. कातडी सैल, म्हाताऱ्यासारखी, रडणं मांजराच्या पिलासारखं. जयाचं रक्त फार गेलं नाही, एवढंच देवानं राखलं.

"जगंल का?" गौराबाईनं विचारलं.

विमलबाईंनी खोटं सांगितलं नाही. "ऊब द्या. दूध पोटात जाऊ द्या. तो ओढायला लागला की मला हाक मारा."

तो ओढत नव्हता. तोंडाला लावलं की दोनदा चुटचुट करायचा, दमायचा, झोपी जायचा. जयाचं दूध वाटीत काढायचं, उकळलेल्या कापसाच्या वातीनं ओठांवर सोडायचं, थेंब थेंब. गौराबाईनं त्याला आपल्या चोळीच्या आत, उघड्या छातीशी बांधून घेतलं होतं. ती पाच दिवस पाठ टेकून झोपली नाही. डोळा लागला की त्याचा श्वास ऐकू येणं थांबायचं, आणि ती दचकून जागी व्हायची. मग बोट त्याच्या नाकाखाली धरायची. आहे. पुन्हा थोड्या वेळानं. आहे. धोंडूबाई खाटेशेजारी बसून वाती वळून द्यायची. गोमा बाहेरच्या बाकावर.

सहाव्या दिवशी सकाळी विमलबाईंनी वजन केलं. सतराशे.

"कमी झालं?" गौराबाईनं विचारलं.

"पहिल्या आठवड्यात होतं थोडं. पण आता आणखी कमी व्हायला नको. आज त्याला परत छातीला लावून बघा. वात नको."

जयानं त्याला घेतलं. गौराबाई त्याचं डोकं मागून धरून बसली, तीन बोटांवर मावेल एवढंसं डोकं. चुटचुट. थांबला. धोंडूबाईनं त्याच्या तळव्याला नखानं टिचकी मारली. चुटचुट. पुन्हा थांबला. गौराबाईनं डोळे मिटले. जे काही बोलायचं राहिलं होतं ते ती मनात बोलत होती, देवाशी की त्या पोराशी, कुणास ठाऊक.

"आई गं!" जया ओरडली.

"काय? काय झालं?"

"दुखतंय!"

"कुठं दुखतंय? पोटात? बाई! नर्सबाई!"

"पोटात नाय गं!" जयाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ती हसत होती. "ओढतोय! लय जोरात ओढतोय, आये, सोडत नाय!"

गौराबाईनं वाकून बघितलं. त्याची हनुवटी वरखाली होत होती. गळ्याशी घोट उतरताना दिसला. एक. मग आणखी एक.

"ओढू दे," ती म्हणाली. "दुखलं तरी हलू नको."